चौथा रकाना

बायकोच्या आजारपणात मी एक वही ठेवली होती. उभ्या रेघा मारून चार रकाने केले: वेळ, ताप, औषध, प्रार्थना. पहिले तीन डॉक्टरांसाठी. चौथा तिच्या सांगण्यावरून. "रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि चुकवायची नाही," असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी बँकेतला माणूस. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण, न झालेल्यापुढे काही नाही. एकतीस दिवस खुणा पडत गेल्या.

बत्तिसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अब इन्हें घर पर ही रखिए." कर्करोग यकृतात पसरला होता. संध्याकाळी मी तिच्या पायाशी बसलो, "हे स्वर्गीय पित्या" म्हणालो आणि थांबलो. 'बरी कर' म्हणावं, तर ते माझं मलाच खरं वाटत नव्हतं. 'त्रास न होता ने' म्हणावं, तर ती ऐकत होती. तिसरं काही सुचेना. मी तिची थंड पावलं हातात धरून पाऊण तास बसून राहिलो. आमेनसुद्धा म्हटलं नाही. रकाना रिकामा सोडला. पुढचे दहा दिवसही तसेच गेले.

ती दिवसभर कण्हायची. ब्रह्मा घाटाच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली. भिंतीपलीकडे घरमालकीणबाईंना सगळं ऐकू जायचं. त्यांचं घराणं चार पिढ्या काशीत, त्यामुळे मराठी अर्धी हिंदी. एका सकाळी जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"भाऊ, वहिनी दिवसभर आहें भरतात हो. ऐकवत नाही."

"काय आहे?" मी विचारलं.

"आहें! आहें!"

"हो, पण काय आहे?"

इथल्याच शाळेत शिकलेली माझी मुलगी मागून येत होती. ती म्हणाली, "बाबा, आहें म्हणजे कण्हणं. सतरा वर्षं काशीत काढलीत, एवढं येत नाही?" तिनं वर जाऊन आईला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी बायको हसली. मग कितीतरी वेळ खोकत राहिली.

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी हिंदीतून वाचलं. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा देवाचा आत्माच आपल्यासाठी आहें भरून विनवणी करतो, असा तो भाग. मराठीत मी तो लहानपणापासून ऐकलेला. तिथं 'कण्हणे' असा शब्द होता, आणि तो दुसऱ्या कुणाबद्दल असावा असं वाटायचं. आता वाचनात मला तिचाच आवाज ऐकू आला.

संध्याकाळी पंचगंगा घाटावरच्या घंटा सुरू झाल्या, तेव्हा तिनं वही मागितली. चौथ्या रकान्यावरून बोट खाली नेलं.

"अकरा रिकामे?"

"झाली नाही. शब्दच येत नव्हते."

"बसला होतात ना?"

"बसलो होतो."

"मग? मला तरी कुठे शब्द येतात? दिवसभर तेच तर करतेय. लिहा तिथे, आहें."

"मागच्या तारखांना आता कसं लिहू?"

"अहो, देवाकडून ऑडिट येत नाही."

"आणि मराठीत 'आहे'वर अनुस्वार येत नाही. चूक दिसेल."

"आईच्या जुन्या बायबलात देव स्वतःचं नाव सांगतो, तिथं 'मी आहें' असंच छापलेलं होतं," ती डोळे मिटून म्हणाली. "राहू द्या अनुस्वार."

मागचे अकरा मी रिकामेच ठेवले. ते माझ्याच्यानं झालं नाही. त्या दिवसापासून मात्र लिहू लागलो. नऊ वेळा लिहिलं.

दहाव्या दिवशी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तिचं कण्हणं थांबलं. मालकीणबाई धावत आल्या. आवाज बंद झाला, त्यावरूनच त्यांना कळलं होतं.

घाटावर घंटा सुरू झाल्या तेव्हा मी वही उघडली. वेळ लिहिली. ताप आणि औषध या दोन रकान्यांत आडवी रेघ मारली. चौथ्यापाशी पेन थांबलं. तेवढ्यात माझ्याच गळ्यातून तिच्यासारखा आवाज निघाला, आणि तो मला थांबवता येईना. मुलगी येऊन पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बऱ्याच वेळानं आवाज शमला. मग मी तो शब्द लिहिला, अनुस्वारासकट.