जिन्याखालचा पंप

वादळाचा इशारा येतो तेव्हा तुमच्या इमारतीतला पाणी उपसायचा पंप नेमका कुठे असतो, हे तुम्ही कधी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय?

आम्ही बघितला होता. दुबईत, मुहैस्नाहच्या आमच्या कामगार कॅम्पमध्ये, तळमजल्यावर, जिन्याखाली. मागच्या पावसात खालच्या खोल्यांत गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा आमच्या फोरमनने भांडून तो मिळवला होता. फोरमन चिपळूणचा. सगळे त्याला दादा म्हणायचो. पूर अंगावर घेतलेला आपला माणूस, म्हणून त्याचा शब्द आम्हाला पुरायचा.

या वेळी इशारा आला तसे आम्ही खालच्या खोलीतल्या सुतारकाकांना तिसऱ्या मजल्यावर न्यायला निघालो. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"मी काय नवरदेव आहे, वरात काढायला?" काका करवादले.

दादा म्हणाला, "कशाला त्यांचे हाल करता? पंप आहे ना. मी आहे ना." काका खालीच राहिले.

मी पत्रकांच्या घरात वाढलो. वडील कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, मी ती गिरणीच्या गेटवर वाटायचो. छापलेलं खरंच असतं, असं मानून मोठा झालो. म्हणून मीच मराठीत आणि हिंदीत लिहून दारोदार कागद चिकटवले: पंप तयार आहे, घाबरू नका. दादाने वाचून माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. आभाळ काळवंडलं, शेडचे पत्रे उडाले. पाणी उंबरठ्याला लागलं तसा मी जिन्याखाली धावलो. तिथे नुसता पाइप पडला होता.

दादाला फोन लावला.

"कंपनीच्या साहेबांच्या व्हिलाला बेसमेंट आहे रे. सकाळीच तिकडे नेला. येईल परत, इन्शाल्ला."

"मग सांगितलं का नाही, दादा?"

"सांगितलं असतं तर तू त्याचंही पत्रक काढलं असतंस."

काकांना प्लायवूडच्या फळीवर झोपवून चौघांनी वर नेलं. प्लास्टरचा तोवर लगदा झाला होता. वेदनेने त्यांचे ओठ पांढरे पडले होते. जाताना दारावरच्या माझ्या कागदाकडे बघून ते एवढंच म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुझं."

दादा आजही मला "काय रे, पुढारी!" म्हणून हाक मारतो. मी ओ देत नाही.

पुढचा इशारा येईल तेव्हा कुणीतरी तुम्हालाही "मी आहे ना" म्हणेल. तो कितीही आपला असो, उठा आणि जिन्याखाली बघून या. आणि पंप जागेवर दिसला, तरी ज्याला चालता येत नाही त्याला आधी वर न्या.