बरणी की डबा?

लोक मला विचारतात, "सोनवणे, तुम्ही मानसशास्त्राच्या डिपार्टमेंटला होतात, तिथे कसले आले किस्से?" अहो, जिथे एक माणूस बाकी सगळ्यांना मूर्ख ठरवायला पगार घेऊन बसलेला असतो, तिथे किस्से सोडून दुसरं पिकतंय काय!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायचो. म्हणजे आज आहे, उद्याचं माहीत नाही. आमचे हेड देसले सर. सरांचा प्रोजेक्ट होता, पुढचं काही माहीत नसताना माणूस निवड कशी करतो याचा. एक काचेची बरणी, त्यात अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या गोट्या, दिसतील अशा. शेजारी पत्र्याचा कुलूपबंद डबा, वर फक्त हात जाईल एवढं भोक. त्यातही दोन्ही रंग आहेत, पण किती ते सांगायचं नाही. डोळे मिटून कशातूनही एक गोटी काढायची. लाल निघाली तर स्टीलची वाटी बक्षीस.

बहुतेक लोक बरणीकडे वळायचे. त्यावर सरांनी समीकरण मांडलं होतं आणि त्यातून काढलेल्या आकड्याला नाव दिलं होतं, भय-अंक! "आपली खानदेशी माणसं भित्री, सोनवणे. अनोळखी डब्यात हात घालत नाहीत." एखादा घालायचाच. त्याची पांढरी निघाली असं कळलं की सर म्हणायचे, "हार्ड लक!"

गावोगाव डबा घेऊन फिरायची विजया नेहेते, मदतीला कधी कधी मी. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. प्रबंध टाइप होऊन, दोरी बांधून तयार. फक्त सरांची सही हवी. धरणगावला तिच्या वडिलांनी, नानांनी, स्पष्ट सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत डॉक्टर झालीस तर खुशाल नोकरी कर. नाही तर धुळ्याचं स्थळ पक्कं." आणि विजयाला त्या स्थळाचं नाव काढलं तरी अन्न गोड लागत नसे.

*

साक्रीच्या बाजारात एका म्हाताऱ्या आबांपुढे आम्ही दोघांनी सामान मांडलं. आबांनी डबा चारी बाजूंनी पाहिला.

"हाऊ डबा कोनी भरा?"

"सरांनी, आबा," विजया म्हणाली.

"कुलूप बी त्यास्नंच?"

"हो."

"मंग माले बरणीच बरी. जठे दिखस, तठेच हात घालाना!"

सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "संशयी वृत्ती. काढून टाका त्याला सँपलमधून."

*

जळगावातल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. शेठजींनी गोट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटी उलटी करून बुडावरचा शिक्का पाहिला.

"ही तर आमच्याच दुकानची! तुमच्या सरांनी घाऊकात नेल्या होत्या. एवढे दिवस वाटताय, अजून संपल्या नाहीत?"

गेल्याच रविवारी सरांकडे चिवडा खाल्ला होता, तो त्याच वाट्यांतून.

*

बायकांचं वेगळंच. बरणी की डबा विचारलं की पदर सावरून एकच उत्तर, "घरी विचारून सांगते." कोणी नवऱ्याला विचारणार, कोणी सासूला. सरांच्या समीकरणात घरी विचारण्याला जागाच नव्हती.

"सगळ्या बायका वगळा. बाईची निवड म्हणजे निव्वळ गोंधळ!" सर म्हणाले.

हे ते विजयाला सांगत होते. उन्हातान्हात तिनेच भरून आणलेली पानं तिच्याच हातून रद्द करून घेतली. तिच्या जबड्याचं हाड हललेलं मी पाहिलं. तरी पानांवर एकेक रेघ मारत गेली. सही बाकी होती ना!

*

मग सर दिल्लीच्या परिषदेला गेले. विजयाचं सगळं काम वाचून आले. पेपरवर नाव एकच, त्यांचं. तिने भीत भीत विचारलं तर म्हणाले, "नाव कोणाचं याला महत्त्व नाही. विज्ञान पुढे गेलं पाहिजे!"

विज्ञान दिल्लीला गेलं, तेही फर्स्ट क्लासने. विजया इथे सरांच्या वाट्याच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती.

"सर, सहीचं अंदाजे कधी?" असं ती दर आठवड्याला विचारायची. सर खुर्चीत मागे रेलायचे. "विजया, अनिश्चिततेतच माणसाची खरी परीक्षा असते." अस्सा राग यायचा! पण माझेही तास त्यांच्याच हातात. मीही मूग गिळून बसायचो.

*

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी नाना स्वतः मुलीला न्यायला आले. मांडीवर पिशवी घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत सर खुशीत होते. दिल्लीचा पेपर छापून येणार म्हणून पेढे वाटले होते. सगळं डिपार्टमेंट जमलेलं. विजयाने प्रबंध टेबलावर ठेवला.

"सर, आज तरी. वडील बाहेर बसलेत."

सरांना काय सुचलं कोण जाणे, कपाटातली बरणी आणि डबा काढून त्यांनी टेबलावर मांडले. "चल, आज तुझ्यावरच प्रयोग करू! लाल निघाली तर आत्ता सही. पांढरी निघाली तर दिवाळीनंतर बघू. बोल, बरणी की डबा?"

सगळे हसले. विजया हसली नाही.

"डबा," ती म्हणाली.

"अरे वा! माझं अख्खं मॉडेल मोडलंस की!"

तिने हात घातला. पांढरी.

"हार्ड लक!"

तिने पुन्हा हात घातला. पांढरी. पुन्हा घातला. पांढरी.

"अगं, एकदाच काढायची असते."

तिने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावर पालथा धरून गदागदा हलवला. भोकातून गोट्या पडत राहिल्या, पेढ्यांच्या बॉक्सवर, प्रबंधावर, खाली फरशीवर. सगळ्या पांढऱ्या. लाल एकही नाही.

डब्याच्या कुलपाची किल्ली सरांच्या स्कूटरच्या जुडग्यात, समोर टेबलावरच होती. सरांनी ती हळूच मुठीत घेतली आणि माझ्याकडे डोळे वटारले.

"सोनवणे, हा डबा कोणी भरला होता?"

मी नुसता त्यांच्या मुठीकडे पाहत राहिलो. एक गोटी घरंगळत दाराबाहेर गेली, थेट नानांच्या चपलेपाशी. सरांनी घाईघाईने पेनचं टोपण काढलं. "विजया, आण गं तो प्रबंध. आत्ता सही करतो, आत्ता!"

विजयाने प्रबंधावरच्या गोट्या झटकल्या. तो काखेत मारला आणि खांद्यावरून पदर सावरला.

"घरी विचारून सांगते, सर."