गंजीतली ऊब

"काका, मला तर काहीच होत नाही. तरी आजपासूनच गोळ्या?" एचआयव्हीच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं. हा विषाणू अंगात आतल्या आत दाह धुमसत ठेवतो, लवकर उपचार घेतले तर तो दाह बराच निवतो, असं डॉक्टरांनी तिला नुकतंच समजावलं होतं.

मला माझे वडील, अण्णा आठवले. गवताची गंजी रचली की रोज सकाळी ते तिच्यात कोपरापर्यंत हात खुपसत. ओलसर गवत आतून तापतं, कधी पेटही घेतं. ऊब लागली की धूर नसतानाही अण्णा गंजी उसकटायला घेत. त्यांच्या हाताला दिवसभर गवताचा वास यायचा.

माझ्या वेळी, बऱ्याच वर्षांपूर्वी, गोळ्या उशिरा सुरू करत; डॉक्टर म्हणाले होते, "अजून धडधाकट आहात, थांबू." अंथरूण धरेपर्यंत मी धुराची वाट बघत राहिलो.

"घे गं," मी अण्णांच्याच आवाजात म्हणालो, "ऊब लागल्यावर थांबायचं नसतं."