ओडिलियाच्या घराण्याची वही

चहा गाळला की चित्रलेखाकाकू गाळणीतला चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायच्या आणि कुंडीला म्हणायच्या, "घे." पेपर उभ्याने वाचायच्या. ट्रेनचं कार्ड चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायच्या, कारण मोतीबिंदू काढल्यापासून चष्मा लागत नव्हता आणि डबी टाकवत नव्हती. दारातून बाहेर पडताना एकदा खाली बघायच्या, पायात चपला आहेत ना म्हणून. दर गुरुवारी दहा-सतराची ट्रेन पकडून सिडनीतल्या पॅरामॅटाच्या लायब्ररीत जायच्या. या एप्रिलपासून दर रविवारी अकराच्या आधी केस विंचरून फोनसमोर बसायच्या. फोनवर तोंड दिसणार नसायचं, तरीही.

चित्रलेखाकाकूंच्या या सवयी मैथिलीने दीड वर्ष पाहिल्या. गेल्या गुरुवारी त्या लायब्ररीतून परतताना वेंटवर्थव्हिलच्या प्लॅटफॉर्मवर उतरल्या, बाकावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. वय सदुसष्ट. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. पायात चपला होत्या.

मैथिली काकूंच्या परसातल्या छोट्या स्वतंत्र घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, भाड्याने राहायची. पुण्याहून मराठी साहित्यात एम.ए. करून आलेली. इथे एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, शिफ्टा करायची. पहिल्याच आठवड्यात काकूंनी तिला विचारलं होतं, "साहित्यवाली ना तू? मग अक्षर बरं असेल. ये, बस."

आणि समोर एक वही ठेवली. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'राजकन्या ओडिलिया हिच्या घराण्याचा कुलवृत्तांत.'

मैथिलीला वाटलं, गंमत असेल. पण आत खरोखरच कुलवृत्तांत होता. अगदी आपल्याकडे असतो तसा. मूळ पुरुष, शाखा, पिढ्या. युरोपातलं एक संस्थान, नकाशावर तांदळाच्या दाण्याएवढं. त्याच्या चारशे वर्षांतल्या माणसांच्या नोंदी काकूंनी मराठीत लिहून काढल्या होत्या. 'गोत्र: नाही. कुलदैवत: डोंगरावरच्या चर्चमधले संत.' एका सरदाराबद्दल, 'दोन लढाया हरले. स्वभाव मनमिळाऊ.' ओडिलियाच्या आईबद्दल, 'घोडेस्वारीत तरबेज. सुगरण असल्याचा पुरावा मिळत नाही.'

मैथिली हसून हसून खाली बसली.

"हसतेस काय? प्रत्येक कुलवृत्तांतात निम्मे लोक मनमिळाऊ असतात. मग भांडणं करतं कोण?"

"पण काकू, हीच राजकन्या का?"

"लग्नाचं वर्ष बघ तिचं."

एकोणीसशे त्र्याऐंशी. ओडिलियाने राजवाड्यातल्या घोड्यांवर उपचार करायला येणाऱ्या डॉक्टरशी लग्न केलं. नगरपालिकेच्या कचेरीत, दोन साक्षीदारांसमोर. वडिलांनी राजघराण्याच्या ग्रंथातून तिचं नाव काढून टाकलं. ती परदेशात एका शेतावर राहिली आणि नवऱ्याबरोबर गाईंची बाळंतपणं केली. दोन मुली झाल्या. थोरली सुईण, धाकटी बँकेत. वडील वारले. थोरला भाऊ गादीवर आला, त्यानेही काही केलं नाही. तो गेल्यावर धाकटा आला.

काकू इथे सुरुवातीला एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. तिथल्या टेबलावरच्या जुन्या मासिकात त्यांनी ओडिलियाचा फोटो पाहिला. गुडघ्यापर्यंत बूट, कुशीत वासरू. ते मासिक त्या घरी घेऊन आल्या. आयुष्यात केलेली एकुलती एक चोरी, असं त्या म्हणायच्या.

त्र्याऐंशी साली पुण्यात चित्रलेखानेही लग्न केलं होतं. रजिस्टर. नवऱ्याचं नाव बाळ. इंजिनिअर, हुशार, सरळ, पण जात वेगळी. वडिलांनी एकच वाक्य बोलून दाखवलं, "दार उघडं आहे, जायला." ती तशीच निघाली, अनवाणी. फाटकाशी पोचली तेव्हा धाकटा भाऊ अजित धावत आला. एकोणीस वर्षांचा. त्याने तिच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. पुढे पाच वर्षांनी ती आणि बाळ सिडनीला आले. मग शार्दूल झाला. आईवडील गेल्याचं तिला महिन्याने कळलं, दोन्ही वेळा.

सिडनीतल्या एका गणपतीत तिच्या माहेरच्या आडनावाच्या एका बाईंनी घराण्याचा कुलवृत्तांत आणला होता. चौऱ्याण्णव साली छापलेला, विटेएवढा जाड. काकूंनी वडिलांचं पान काढलं. अपत्ये तीन. दोन मुलग्यांची शिक्षणं, नोकऱ्या, बायका. आणि शेवटी, 'कन्या चित्रलेखा (अल्पायुषी).'

झालं असं होतं की वडिलांनी फॉर्ममध्ये तिचं नाव तेवढं लिहिलं होतं. पुढचे रकाने कोरे. समितीचा नियम साधा होता. मुलीच्या नावापुढे शिक्षण नाही, विवाह नाही, काहीच नाही, म्हणजे ती लहानपणीच गेली. जुन्या नोंदींत तसंच असतं. कुणी वाईट हेतूने केलं नव्हतं. आणि घरातल्या कुणी दुरुस्तही केलं नव्हतं.

"मला बाळने प्रसाद आणून दिला, तोवर मी मेलेली होते," काकू म्हणाल्या. "शिरा खाल्ला मग."

हे सांगताना त्या हसत होत्या. मैथिली हसली नाही. त्या रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर तो कंस राहिला.

बाळकाका सहा वर्षांपूर्वी वारले. शार्दूल कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहायचा, सरकारी नोकरीत. आईवर जीव, पण मामा हा विषय घरात कधी निघालाच नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी मामा नव्हताच.

आणि या एप्रिलमध्ये फोन आला.

"नमस्कार. मी अजित बोलतोय."

"कोण अजित?"

"कुलवृत्तांत समितीकडून."

नवी आवृत्ती निघणार होती. अजित तिचा संपादक होता. सिडनीच्या मराठी मंडळाकडून त्याने नंबर मिळवला होता. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, भरून पाठवावा, जुलैअखेर छपाईला जायचं आहे, असं त्याने सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझे डोळे गेलेत. मला भरता येणार नाही. तू विचार, मी सांगते, तू लिही."

फोन ठेवल्यावर मैथिली म्हणाली, "काकू, तुम्ही काल सुई ओवलीत."

"बिनचष्म्याने," काकू अभिमानाने म्हणाल्या. मग फोन पालथा घातला. "भाऊ नाही म्हणाला गं. समिती म्हणाला."

नंबर सेव्ह करायचं काम मैथिलीकडे आलं. काय नावाने, तिने विचारलं. "अजित समिती," काकूंनी सांगितलं.

फॉर्ममध्ये चौदा रकाने होते. एका बैठकीत वीस मिनिटांचं काम. काकूंनी एका रविवारी एकच रकाना द्यायचा असं ठरवलं.

"ताई, जन्मतारीख झाली. जन्मस्थळ?"

"ते पुढच्या रविवारी."

"जन्मस्थळ आठवायला आठवडा लागतो तुला?"

"वय झालं रे."

पहिल्या दोन रविवारी तो वैतागला. तिसऱ्या रविवारी पावणेअकरालाच फोन आला. तिकडे सकाळचे सव्वासहा. शिक्षणाच्या रकान्याला तो म्हणाला, "बीएस्सी. मला ठाऊक आहे, तरी विचारतोय." सासरच्या नावाच्या रकान्याला त्याने घसा साफ केला आणि बाळचं पूर्ण नाव दोनदा विचारून घेतलं. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ तेही विचारलं. काकू त्या दिवशी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मैथिली हे सगळं शेजारच्या खुर्चीवरून ऐकायची. तिला एक दिवस राहवलं नाही.

"काकू, रकाने संपले की?"

"तेच तर."

"मग स्पष्ट विचारा ना त्याला. इतकी वर्षं का नाही फोन केलास म्हणून."

"मी कशाला विचारू? मी गेले होते ना." त्यांनी वाटाणे सोलायला घेतले. "त्याने विचारावं. फॉर्ममध्ये नाही असं काहीतरी. एकच. कशी आहेस एवढं सुद्धा चालेल. मग मी चौदाच्या चौदा रकाने एका दमात भरून देते त्याला."

बारा रविवार गेले. अजितने फॉर्मबाहेरचं काही विचारलं नाही. आवाज सैल झाला होता, थट्टाही करायचा. "ताई, छापखानेवाला मला उभा जाळेल." पण प्रश्न यायचा तो छापील.

त्याच दिवसांत काकू वहीच्या शेवटाला आल्या होत्या. ओडिलियाची स्वतःची नोंद त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की धाकट्या भावाने गादीवर आल्यावर घराण्याचा तो ग्रंथ मागवला आणि कारकुनाला न सांगता, स्वतःच्या हाताने बहिणीचं नाव पुन्हा लिहिलं. पण तारीख दिली नव्हती. तारखेशिवाय नोंद करायची नाही, हा काकूंचा नियम. त्यासाठी दर गुरुवारी लायब्ररी. तिथली लायब्रेरियन त्यांच्यासाठी परदेशी वर्तमानपत्रांचे अंक शोधून ठेवायची.

"इंटरनेटवर बघू का मी?" मैथिलीने विचारलं.

"नको. सापडली तर एका मिनिटात सापडेल."

तेराव्या रविवारी मैथिलीची शिफ्ट होती. दुपारी परतली तर काकू परसात उभ्या. अंगावर नुसतं कार्डिगन. हातात चोथ्याची गाळणी, कुंडीकडे लक्ष नाही.

"काकू, आत चला. गारठलात."

"त्याने विचारलं."

"काय?"

"तिकडे थंडी आहे का गं, असं विचारलं. अपत्यांचा रकाना झाला. मग थांबला. मला वाटलं, ठेवतोय. आणि म्हणाला, तिकडे थंडी आहे का गं."

मैथिलीने त्यांचे दोन्ही हात धरले. बर्फासारखे होते. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

काकूंचा चेहरा पडला आणि त्याच क्षणी त्या खुदकन हसल्याही. "सवय लागली ना तोंडाला. पुढच्या रविवारी सांगते, म्हणाले."

"काकू!"

"तोही हसला. बरं, म्हणाला. पुढच्या रविवारी सांग."

त्या आठवड्यात त्या वेगळ्याच होत्या. सोमवारी त्यांनी उत्तराची तयारी केली. सकाळी पाच अंश असतात. गवतावर दव गोठतं. घरं लाकडी, हीटर लावला की नाक कोरडं पडतं. तुला आठवतं का, आपण एका रजईत झोपायचो आणि तू ती ओढून घ्यायचास. मैथिलीला त्यांनी हे सगळं दोनदा म्हणून दाखवलं. "जास्त होतंय का?" "नाही." "रजईचं राहू दे?" "राहू दे." बुधवारी म्हणाल्या, चौदावा रकाना 'विशेष' आहे, त्यात ही वही सांगते त्याला. गुरुवारी दहा-सतराची ट्रेन पकडायला गेल्या.

रविवारी घर माणसांनी भरलं होतं. शार्दूल परसात उभा राहून अंत्यविधीवाल्यांशी फोनवर बोलत होता. "येस, मंडे आर्वो इज फाइन," सोमवारची दुपार ठरवणारा त्याचा आवाज येत होता, अगदी सपाट. काकूंचा फोन स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला होता. पुण्याला कुणी कळवलं नव्हतं. कुणाला कळवायचं, हे शार्दूलला माहीतच नव्हतं. मैथिलीला माहीत होतं. गुरुवारपासून तिने तीनदा फोन हातात घेतला होता आणि तीनदा ठेवला होता.

पावणेअकराला तो वाजला. स्क्रीनवर नाव आलं: अजित.

नुसतं अजित. समिती काकूंनी कधीतरी स्वतः पुसली होती.

मैथिलीने फोन घेतला.

"हं, ताई. तर थंडीचं काय ते सांग आधी. मग 'विशेष' बघू."

"मी मैथिली बोलतेय. काकूंच्या घरी राहते मी."

"हो हो, ताई सांगते तुझ्याबद्दल. अक्षर चांगलं आहे म्हणे तुझं. बोलाव तिला."

मैथिलीने सांगितलं. तिने पाच वर्षं भाषेचा अभ्यास केला होता, तिला चार शब्द पुरले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला. मग कागद सरकल्याचा आवाज आला.

"तिच्या नावापुढचं 'अल्पायुषी' मी खोडलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी, तिला फोन करायच्या आधी. माझ्या हाताने. तिला सांगायचं राहिलं. मला वाटलं, शेवटचा रकाना झाला की सांगू." पुन्हा कागद वाजला. "तारीख कुठली लिहिलीय बघतो. हं. सहा एप्रिल."

मैथिलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मुली," तो म्हणाला, "थंडी आहे का गं तिकडे?"

"आहे काका. सकाळी पाच अंश असतात."

"पाच," तो म्हणाला. लिहून घेतल्यासारखं.

शार्दूल दारात येऊन उभा होता. "हू इज इट?" त्याने विचारलं.

"तुझा मामा," मैथिली म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

मग ती काकूंच्या खोलीत गेली. पोलिसांनी परत दिलेली पिशवी पलंगावर होती. चष्म्याची डबी, रुमाल, अर्धं सफरचंद, लाल पाठीची वही. लायब्ररीतल्या एका अंकाचं पान छापून घेतलेलं वहीत घातलं होतं, घडीसुद्धा न उलगडलेलं. घरी येऊन वाचणार असतील.

वहीच्या शेवटच्या पानावर ओडिलियाची नोंद होती. जन्म, शिक्षण, विवाह, पतीचे नाव, अपत्ये, सगळं भरलेलं. खाली काकूंच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

'विशेष: भावाने हिचे नाव पुन्हा स्वहस्ते लिहिले. दिनांक'

पुढे जागा सोडलेली होती.