व्यापाऱ्यानं वाचलेली वही

संत्र्याच्या सालीचा वास आला, की पांढुर्ण्याच्या आमच्या बगीच्यातला तो सौदा आठवतो. दहा वर्षांचे मंडीचे भाव मी वहीत लिहिले होते. आम्ही कधी, कोणत्या भावात माल दिला, तेही. भाव पडला तरी पुढच्या वेळी घाबरून विकायचं नाही, एवढ्यासाठी. व्यापारी झाडाखाली बसला आणि माझ्या मोठ्या भावानं कौतुकानं वहीच त्याच्यासमोर ठेवली. "पाहा ना सेठ, आमचा लहाना किती बारीक लिहून राहिला." सेठनं सावकाश पानं उलटली. "भाऊ, दिवाळी जवळ आली की तुम्ही दरवर्षी भाव सोडता. मंग मी आज कायले घाई करू?" तो निघून गेला. दिवाळीच्या तोंडावर परत आला तेव्हा फळं गळत होती, आणि त्यानं म्हटलेल्या भावात माल द्यावा लागला. नोंदी मी आजही ठेवतो, मोबाईलमध्ये. भावाला पासवर्ड सांगितलेला नाही.