हळू बोला

डिंकताईंचं खरं नाव त्यांच्या सासूबाईंनाही आठवत नाही. पण सासूबाईंना बरंच काही आठवत नाही, आणि ऐकू तर त्याहून कमी येतं, तेव्हा तो पुरावा धरू नये.

बाटल्यांच्या कारखान्यात लेबलं चिकटवण्यात ताईंची तरुण वर्षं गेली. कारखाना बंद पडल्यावर त्या कोपऱ्यावरच्या केंद्रात चहा द्यायला लागल्या. मनाच्या आजारातून सावरणारी माणसं तिथे दिवसभर येऊन बसतात. चहा देता देता ताईंनी एकाला फुलांच्या दुकानात चिकटवला, एकीला छापखान्यात. मग केंद्राने त्यांच्या हातातली किटली काढून घेतली आणि हेच काम दिलं: नोकरी शोधायची, आणि ती टिकेपर्यंत माणसाच्या मागे राहायचं.

"लावायला काय, कुणीही लावतं," त्या म्हणतात. "वाळेपर्यंत बोट दाबून कोण धरणार?"

संध्याकाळी घरी सासूबाई विचारतात, "आज कुणाला कुठे चिकटवलंस?"

"एकाला लाँड्रीत!"

"लांडग्यात? अगं बाई, कुणाचा मुलगा तो?"

"लाँड्री! कपडे! धुणं!"

"हां, मग ओरडतेस कशाला?"

लाँड्रीत चिकटवलेल्या त्या माणसाला पुढे सगळे घडीमास्तर म्हणू लागले. चाळिशीला टेकलेला, नाकासमोर चालणारा. त्याला एक आवाज ऐकू यायचा. इतकी वर्षं सोबत आहे म्हटल्यावर त्याने त्याला मामा असं नाव ठेवलं होतं. गोळ्यांनी मामा पुष्कळ शांत झाला होता. कधीतरी दाढीवरून टोमणा मारायचा, तेवढंच. पण मागे एकदा मामाने उचल खाल्ली, गोळी वाढवावी लागली, आणि घडीमास्तर सकाळी उठेनासा झाला. बेकरीतली नोकरी अशी झोपेत गेली होती. तेव्हापासून त्याला मामापेक्षा मोठ्या गोळीची धास्ती जास्त.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे तिथे यायचे. वाफेत माणसं कमरेपर्यंतच दिसायची. पाय कुठेतरी खाली, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. घडीमास्तरचं काम चादरींच्या घड्या घालण्याचं. चारी कोपरे जुळेपर्यंत तो चादर सोडत नसे. पहिल्या दिवशी ताईंनी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्यांमुळे त्याला समजायला जरा वेळ लागतो. त्याच्याशी हळू बोला."

मालकाने मान डोलावली. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून ज्याच्या मानेच्या शिरा कायमच्या फुगल्या होत्या, असा तो मालक. त्याने हे फार मनावर घेतलं.

महिना बरा गेला. मग एका दुपारी घडीमास्तर केंद्रात येऊन ताईंसमोरच्या स्टुलावर बसला.

"ताई, मी उद्यापासून जात नाही."

"का रे, काय झालं?"

"आवाज परत आलेत. आणि एकटा मामा नाही. चार-पाच जण आहेत. कुजबुजतात."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, त्याला कळू देऊ नका, मनाला लावून घेईल. आणि अभ्र्यांबद्दल बोलतात."

"कशाबद्दल?"

"उशांच्या अभ्र्यांबद्दल. ताई, मामाने आयुष्यात अभ्र्याचं नाव काढलं नव्हतं." तो बोटांची घडी घालत बसला. "डॉक्टरांना सांगितलं की गोळी वाढणार. मग मी झोपणार, मग मालकच मला काढणार. त्यापेक्षा मीच जातो. निदान स्वतःच्या पायांनी."

ताईंनी त्याला डॉक्टरांसमोर उभं केलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "गोळी वाढवता येईल. पण मला हे अभ्रे खटकतायत. ताई, आधी तुम्ही ऐकून या."

"मी? त्याच्या डोक्यातलं?"

"लाँड्रीतलं."

दुसऱ्या दिवशी घडीमास्तर नाइलाजाने कामावर गेला आणि ताई टॉवेलांच्या ढिगाआड जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मालक चवड्यांवर चालत आला. घडीमास्तरच्या कानाशी वाकून पुटपुटला, "आपण जरा तिकडच्या चादरी घ्याल का?"

आपण! हा मालक पाव्हण्यांनाही 'अरे ए' म्हणायचा.

पलीकडे इस्त्रीवाली काकू, जिची हाक रस्त्यापलीकडच्या बसला थांबवायची, ती तोंडावर पदर धरून दुसरीला म्हणाली, "त्या अभ्र्यांचं कळलं नाही ना त्याला?"

"श्श! लावून घेईल मनाला."

घडीमास्तरची पाठ ताठ झाली. हातातल्या चादरीचे कोपरे जुळले नाहीत, आणि त्याने ती तशीच ठेवून दिली.

ताई ढिगातून उठल्या. सासूबाईंसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाल्या, "काय चाललंय काय तुमचं?"

मालक दचकला. कुजबुजत म्हणाला, "ताई, हळू! तुम्हीच नाही का सांगितलंत, हळू बोला म्हणून?"

"हळू म्हणजे सावकाश हो! एकेक शब्द सुटा! तुम्ही काय चोरासारखे कानात पुटपुटताय?"

काकूने तोंडावरचा पदर काढला.

"असं होय," काकू म्हणाली. "अहो, माझा घसा बसला हळू बोलून बोलून! घरी नवरा विचारतो, तब्येत बरी नाही का?"

घडीमास्तर वळला. त्याने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे ते तुम्ही होतात?" त्याने विचारलं. "खरे?"

"खरे म्हणजे काय," काकू म्हणाली, "चांगली हाडामांसाची आहे मी. जरा जास्तच आहे."

"मग अभ्र्यांचं काय?"

सगळे मालकाकडे बघू लागले. मालक ताईंकडे.

"सांगा," ताई म्हणाल्या. "जसं इतरांना सांगता तसं."

"मला आता जमायचं नाही हो. सवय गेली."

"जमेल. सावकाश, पण मोठ्याने."

मालकाने खाकरून पाहिलं. "आपण मागच्या आठवड्यात..." काकूने कपाळाला हात लावला. मालकाने पुन्हा श्वास घेतला, आणि मानेच्या शिरा हळूहळू जागेवर आल्या. "अरे ए! गठ्ठे! बदललेस! तू! हॉटेलात दवाखान्याचे अभ्रे गेले! नव्या नवरा-नवरीच्या उशांवर 'शस्त्रक्रिया विभाग' असा शिक्का! ती पोरगी रडत खाली आली! काय तोंड दाखवू मी त्यांना?"

घडीमास्तरच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. ताईंनी ढिगातला एक टॉवेल घट्ट धरून ठेवला.

"दोन्ही गठ्ठ्यांना निळी दोरी तुम्ही बांधलीत," तो म्हणाला.

"मी?"

"तुम्हीच. आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगायचं होतं. मी इथे आठवडाभर वेडा होत बसलो!"

"मग विचारायचं नाहीस?"

"कुणाला विचारू? तुम्ही बोलत नव्हता!"

दोघांची चांगलीच जुंपली. काकू मधे पडली आणि दोघांवरही ओरडली. महिनाभराची उधारी होती, ती तिने तिथल्या तिथे फेडली.

शेवटी दवाखान्याला लाल दोरी बांधायचं ठरलं. ती ठेवलेली सगळ्यांनाच आठवत होती, प्रत्येकाला वेगळ्या कपाटात. गोळी आहे तेवढीच राहिली. डॉक्टर म्हणाले, "एवढी बोलणी खाऊन पचवतोय, तर बरा आहे."

पुढच्या आठवड्यात ताई फेरी मारायला गेल्या तेव्हा मालकाचा आवाज फाटकापर्यंत येत होता. घडीमास्तर शांतपणे चादरीचा चौथा कोपरा शोधत होता.

"कशावरून ओरडतायत?" ताईंनी विचारलं.

"म्हणतात, फार वेळ लावतोस घडीला. कोपरे जुळले नाहीत तर आकाश कोसळत नाही म्हणतात."

"आणि मामा? मामा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मालकाचं बरोबर आहे."

"मग?"

त्याने कोपरा जुळवला, चादरीवरून हात फिरवला आणि दुसरी उचलली.

"मामाचं मी कधी ऐकलंय का?"