पट्टकी स्नायूचा धडा

"बाही वर कर," सर म्हणाले.

नववीचा वर्ग, मुलामुलींनी भरलेला. मला वाटलं, बाहीला काही लागलं असेल. केली वर. सरांनी छडीचं टोक माझ्या दंडावर टेकवलं.

"हे पाहा. पट्टकी स्नायू. कापसाची गाठोडी उचलून उचलून कसा घट्ट झालाय. या लोकांचं सगळं बळ इथंच जातं, वर डोक्यात काही पोचत नाही."

वर्ग हसला. 'या लोकांचं' म्हणजे आमच्या बौद्ध मोहल्ल्याचं, हे सगळ्यांना कळलं. दंडावर कापूस वेचताना उठलेले पऱ्हाटीचे ओरखडे होते. तेही सगळ्यांनी पाहून घेतले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एकेक जण टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकात वाकून स्लाईड पाहू लागला. माझी पाळी आली.

"तुला काय करायचंय पाहून? तुझ्याजवळ आहेच की."

पुन्हा हशा.

घरी मायला सांगितलं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, गावोगावून शेतकऱ्यांनी विष घेतल्याच्या बातम्या यायच्या, वेचणीचं कामही धड मिळत नव्हतं. मायचा जीव आधीच टांगणीला.

"चूप राय बाई. सर हायेत ते. नाव कापलं त माह्यासंग वावरातच यावं लागन तुले."

मला सरांपेक्षा तिच्या भीतीचाच जास्त राग आला.

काही दिवसांनी तपासणीला साहेब आले. सरांनी तोच धडा काढला, तीच स्लाईड लावली आणि मला पुढे बोलावलं.

"बाही वर कर."

"नाही करत."

"काय म्हणालीस?"

"नाही करत, सर. माही पाळी राह्यली होती. मले पाहू द्या."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मीच टेबलाशी गेले आणि डोळा लावला. आधी नुसता धूसर उजेड. बाजूचा स्क्रू फिरवला. मग दिसल्या लांबच लांब पेशी, एकीला खेटून एक, कुठं फाटा नाही. त्यांवर आडवे पट्टे, एक गडद, एक फिकट. एकेका पेशीत कितीतरी केंद्रकं, पार कडेला सरकलेली. बेडकाचा स्नायू असेल, बकरीचा असेल. माणसाचा असता तरी मजुराचा की मालकाचा, हे त्या पट्ट्यांवरून कोणालाच सांगता आलं नसतं. सर मात्र माझ्या दंडावरून माझं डोकं सांगत होते. विज्ञानाच्या तासाला धडधडीत खोटं शिकवत होते.

"वर्गाबाहेर हो!" सर ओरडले.

"पाहून झालं का जातो."

पाहून झाल्यावरच गेले. साहेबांची जीप निघून गेली तसे सर बाहेर आले. म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच हजर झाले. बसू दिलं नाही, तर वर्गाच्या दारात उभी राहिले. भीती होतीच, खोटं कशाला सांगू. पण ठरलं होतं. आपल्या पायानं मी इथून जाणार नाही. घालवायचंच असेल, तर त्यांनी हाताला धरून घालवावं. भरदिवसा, सगळ्या गावादेखत. आणि का घालवतो, ते मोठ्यानं सांगावं.